भात्याने दाखवलेली अळी

रेडिओवर बोलायची आमची ही पहिलीच वेळ. आम्ही पुरंदर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. गटात आम्ही बाराजणी. सगळ्यांच्या घरी थोडीफार सीताफळाची झाडं आहेत. कुणाची चाळीस, कुणाची दीडशे. आज इथे चौघी आलो आहोत, पण बोलतोय ते बाराजणींच्या वतीने.

आम्ही आज कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आम्हालाही सुरुवातीला हसूच आलं होतं. लग्नातले फोटो, आधार कार्डाचा फोटो, यापलीकडे कॅमेऱ्याशी आपला संबंध काय? पण गेल्या श्रावणात आमच्या बागेतलं एक भांडण कॅमेऱ्याने मिटवलं, आणि आमच्या हातून होणारी एक मोठी चूक थांबवली. तेच सांगायला आलो आहोत.

आधी भांडण काय होतं ते ऐका. सीताफळावर पिठ्या ढेकूण येतो, हे बाग असलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा किडा. फळाच्या खाचांत बसतो, रस शोषतो, चिकट गोड पाणी सोडतो. त्या पाण्यावर काळी काजळी धरते, आणि मग ते फळ बाजारात कुणी हातात घेत नाही. फळ आतून कितीही गोड असलं तरी काळ्या फळाला भाव नाही. त्याच्या आदल्या वर्षी आमच्यातल्या तिघींचा निम्मा माल असाच मागे आला होता. दोघींनी गटातून कर्ज काढून औषध फवारलं होतं. थोडे दिवस झाडं स्वच्छ दिसली आणि पंधरा-वीस दिवसांत पिठ्या पुन्हा आला, आधीपेक्षा जास्त. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

गेल्या श्रावणात बागेत काहीतरी नवीनच दिसायला लागलं. नेहमीच्या पिठ्याच्या दुप्पट-तिप्पट लांबीचे, पांढऱ्या लोकरीसारखे किडे. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "पिठ्याच मोठा झालाय. ह्या वर्षी औषध जरा कडक लागणार." दुकानातही तेच सांगितलं, शिवाय दोन बाटल्या पुढे सरकवल्या. आमच्यातली एक जाऊबाई रोज सकाळी बागेत जाऊन ते मोठे किडे बोटांनी चिरडत होती. तिला वाटायचं, मोठे मारले की लहान आपोआप कमी होतील. दुसरीचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, "हा पिठ्या नाही. पिठ्या असा पळत नाही." गटाच्या बैठकीत दोन तट पडले. औषधासाठी कर्ज द्यायचं की नाही, हा प्रश्न होता. पैसा सगळ्यांचा होता, त्यामुळे आवाजही सगळ्यांचे चढले.

औषधाच्या बाबतीत आम्ही बायका उगाच घाबरत नाही. पंप पुरुषाच्या पाठीवर असला तरी पाणी आणून देणारी, औषध कालवणारी, फवारणीचे कपडे धुणारी बाईच असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. म्हणून औषध मारायचं तर ते कशावर मारतोय, एवढं तरी कळायला हवं, असं निम्म्याजणींचं म्हणणं होतं.

पण बघायचं कसं? किडा इवलासा, आणि चाळिशी ओलांडलेल्या आमच्या नजरा. मोबाइलने फोटो काढला तर सगळाच पांढरा ठिपका. तेव्हा आमच्यातली एक वहिनी म्हणाली, "आमच्या घरी एक भाता पडून आहे."

तिच्या सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ होता. रिळाचे कॅमेरे गेले तसा तोही बंद झाला. एका पेटीत जुनं सामान ठेवलेलं होतं, त्यात हा भाता. लोहाराचा भाता आपण सगळ्यांनी पाहिलाय. भजनातल्या पेटीला मागे असतो तोही भाताच. हा तसाच, घड्याघड्यांचा, काळा, पण चौकोनी बोगद्यासारखा आणि आतून पोकळ. एका लोखंडी पट्टीवर बसवलेला. पट्टीवर दोन उभ्या चौकटी असतात. पुढच्या चौकटीला लेन्स लावायची, मागच्या चौकटीला कॅमेरा. मधे हा भाता. बाजूची चकती फिरवली की चौकट सरकते आणि भाता उघडतो किंवा मिटतो. सासरे त्याने जुन्या चित्रांच्या स्लाइड्स उतरवून द्यायचे.

भाता करतो काय, तर लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेतो. एवढंच. त्यात काच नाही, बॅटरी नाही, काही नाही. पण लेन्स जितकी लांब जाईल तितकं जवळचं आणि बारीक दिसतं, मोठं होऊन दिसतं. याचा हिशेब सोपा आहे. लेन्सवर आकडा असतो. आमच्या लेन्सवर ५० होता, म्हणजे ५० मिलिमीटरची लेन्स. भात्याने लेन्स ५० मिलिमीटर पुढे नेली, की किडा जेवढा आहे तेवढाच कॅमेऱ्याच्या आतल्या पट्टीवर उमटतो. १०० मिलिमीटर नेली की दुप्पट. १५० नेली की तिप्पट. भाता किती उघडला त्याला लेन्सच्या आकड्याने भागायचं, झालं. आमच्या गटाचा हिशेब ठेवणारी ताई म्हणाली, हे तर व्याजापेक्षा सोपं आहे.

त्या हिशेबाची खात्री करायलाही साधी युक्ती आहे. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्यायची आणि तिचाच फोटो काढायचा. आमच्या कॅमेऱ्याची आतली पट्टी साधारण २४ मिलिमीटर रुंद आहे. फोटोत या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीचे २४ मिलिमीटर दिसले, तर किडा आहे तेवढाच उमटणार. १२ दिसले तर दुप्पट, ८ दिसले तर तिप्पट. ही पट्टी आम्ही नंतर प्रत्येक फोटोच्या आधी ठेवायचो, म्हणजे किडा खरा केवढा तेही कळायचं.

वहिनीचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो. त्याचा डिजिटल कॅमेरा आणि सासऱ्यांचा भाता, दोन्ही निकॉनचे. या कंपनीने आरशाच्या (एसएलआर) कॅमेऱ्यांवर लेन्स अडकवायची कडी १९५९ पासून तशीच ठेवली, म्हणून आजोबांच्या वस्तूला नातवाचा कॅमेरा बसला. मात्र नव्या कॅमेऱ्याची मूठ पुढे आलेली असते, ती चौकटीला अडत होती. मधे एक छोटी रिंग घातली तेव्हा जमलं. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तर कडी जुळते का हे आधी बघा. उगाच दाबून बसवू नका.

आता भात्याचं दुखणं. इतकी वर्षं घडीत पडून राहिल्यामुळे तो कोपऱ्यांवर विरला होता. पहिले फोटो सगळे धुरकट आले. कॅमेऱ्याचा दोष समजून आम्ही दोन दिवस घालवले. मग मुलाने सांगितलं, अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बॅटरी लावून बघा. आम्ही दार-खिडक्या लावून आत मोबाइलची बॅटरी पेटवली, तर भात्याच्या कोपऱ्यांतून चांदण्यांसारखे पाच-सहा ठिपके दिसले. त्या भोकांतून बाहेरचा उजेड आत शिरत होता. आमच्यात शिवणकाम करणारी एक मावशी आहे. तिने काळ्या पातळ कापडाचे नखाएवढे तुकडे कापून रबराच्या गोंदाने आतून चिकटवले. जाड ठिगळ लावलं असतं तर भाता मिटला नसता. ते तिला बरोबर कळलं, कारण आयुष्यभर ती चुण्याच घालत आली आहे.

भाता दुरुस्त झाला, पण फोटो काळे यायला लागले. याचंही कारण आहे. लेन्स लांब गेली की कॅमेऱ्यात पोचणारा उजेड कमी होतो, आणि थोडाथोडका नाही. किडा आहे तेवढा घ्यायचा तर ४ पट उजेड लागतो. दुप्पट घ्यायचा तर ९ पट. तिप्पट घ्यायचा तर १६ पट. आणि आम्ही श्रावणात, आभाळ भरलेलं असताना ओसरीवर बसून फोटो काढत होतो! शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर उजेड मिळतो, पण तेवढ्यात किडा हलतो. शेवटी मुलाकडचा लग्नातला फ्लॅश वायरने जोडून बाजूला धरला. थेट मारला तर पांढरा किडा नुसता लखलखायचा. म्हणून त्याच्यापुढे बटर पेपर धरला आणि दुसऱ्या बाजूने पांढरा पुठ्ठा, म्हणजे सावलीतही उजेड गेला. पुठ्ठा धरायचं काम आमच्यातल्या आजींचं. त्यांचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा स्थिर निघाला.

तिसरी अडचण सगळ्यात नाजूक. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा पट्टा फार पातळ असतो. दुप्पट मोठं करून घेताना तो मिलिमीटरच्या पाव भागाएवढा राहतो. डोकं स्पष्ट आलं तर पाठ पुसट, पाठ आली तर पाय गायब. श्वास घेतला तरी चित्र सुटतं. त्यावर आम्ही शिकलो ते असं. एक, कॅमेरा हातात धरायचा नाही, तिकाटण्यावर घट्ट बसवायचा. दोन, लेन्सची कडी फिरवत बसायचं नाही, खालच्या पट्टीवरून सगळंच्या सगळं थोडं थोडं पुढे-मागे सरकवायचं. तीन, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र मोठं करून बघायचं. चार, बटण बोटाने दाबलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून टायमर लावायचा. पाच, लेन्सची आतली झडप कडीवरून ८ आकड्यावर ठेवायची. आणखी बंद केली तर स्पष्ट पट्टा थोडा वाढतो, पण फार बंद केली की सगळंच चित्र मऊ पडतं.

आणि बागेत वारा असतो. पान हललं की संपलं. म्हणून आम्ही सकाळी गार असताना, किडे सुस्त असताना, कीड असलेली डहाळी फळासकट कापून आणायचो आणि पाण्याच्या बाटलीत खोचून ओसरीवर ठेवायचो. लेन्सचं तोंड किड्याच्या चार बोटांवर येतं. जरा धक्का लागला तर किडा लेन्सवरच.

आठ-दहा दिवस रोज सकाळी हाच उद्योग. घरचे म्हणायचे, स्वयंपाक कधी करणार? खरंच दोनदा भाकरी करपली.

मग एका सकाळी तो मोठा पांढरा किडा एका जागी थांबला. रोज पळायचा, त्या दिवशी थांबला. आम्ही सरकवत सरकवत डोकं पडद्यावर आणलं, टायमर लावला, फ्लॅश उडाला. फोटो मोठा करून पाहिला आणि कुणीच काही बोलेना.

तो किडा खात होता. त्याच्या तोंडात पिठ्या ढेकूण होता.

आता फोटोत जे दिसलं ते नीट सांगतो, म्हणजे तुम्हालाही ओळखता येईल. पिठ्या ढेकूण लांबट गोल, चपटा, साधारण ३ ते ४ मिलिमीटरचा. त्याच्या कडेने आखूड पांढऱ्या काड्यांची झालर असते. पाय पोटाखाली दडलेले. त्याला जबडा नसतो, सोंड असते. तो एका जागी बसून शोषतो, हललाच तर अगदी हळू. आणि ही दुसरी अळी मोठी, वाढली की १२-१३ मिलिमीटरपर्यंत जाते. अंगावर लांब, विस्कटलेल्या लोकरीसारखे मेणाचे धागे. पाय बाजूने स्पष्ट दिसतात. भराभर चालते. आणि तिला चावणारा जबडा असतो.

आम्ही ते फोटो घेऊन कृषी सहायकांकडे गेलो. त्यांनी फोटो पाहताच नाव सांगितलं, क्रिप्टोलेमस. ही एका ढालकिड्याची अळी. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियातला, किडींना खाण्यासाठी १८९८ साली आपल्या देशात आणलेला. मोठा झाला की साधारण ४ मिलिमीटरचा, पाठ काळपट, डोकं आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. तो आपली अंडी पिठ्याच्या कापसातच घालतो. अळीही पिठ्या खाते, मोठा किडाही पिठ्याच खातो. पिठ्यासारखंच रूप घेऊन ती पिठ्यात राहते, म्हणून आम्ही फसलो.

ही बातमी बैठकीत सांगितली तेव्हा रोज अळ्या चिरडणारी आमची जाऊबाई गप्प बसून राहिली. मग आपल्याच बोटांकडे बघत म्हणाली, "किती मारल्या मी." कुणी तिला बोललं नाही. आमच्यातल्या आणखी चौघीजणी आठ दिवसांत औषध मारणारच होत्या. त्याने पिठ्या मेला असता की नाही कोण जाणे, त्याच्या अंगावर मेणाचं कवच असतं. पण ह्या अळ्या नक्की गेल्या असत्या. आदल्या वर्षी फवारल्यावर पिठ्या जास्त का आला असेल, याचा विचार तेव्हा आमच्या डोक्यात पहिल्यांदा आला.

औषधाचं कर्ज त्या महिन्यात दिलं नाही. पण नुसतं बसूनही राहिलो नाही. फोटोंत आणखी एक गोष्ट दिसली होती. पिठ्याच्या भोवती मुंग्या होत्या. पिठ्याचं गोड पाणी त्यांना हवं असतं, म्हणून त्या त्याची राखण करतात आणि खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. मग आम्ही खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं, म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद. सालीला थेट ग्रीस लावलं नाही. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, बुंध्यातलं तण काढलं, फार किडलेली फळं काढून लांब नेऊन पुरली. मात्र पुरायच्या आधी त्यांवरच्या लोकरीच्या अळ्या डहाळीने उचलून झाडावर सोडल्या. ज्या बोटांनी चिरडल्या त्याच बोटांनी जाऊबाईने सगळ्यात जास्त सोडल्या.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. काही फळं काळी पडलीच. ज्या दोन बागांमध्ये अळ्या नव्हत्याच, तिथे पिठ्या वाढला आणि तिथे कृषी सहायकांना विचारून उपाय करावा लागला. औषध कधीच मारायचं नाही, असं आमचं म्हणणं नाही. न ओळखता मारायचं नाही, एवढंच म्हणणं आहे. पण दहा बागांत औषधाविना निभावलं, आणि गटाचं पुस्तक त्या हंगामात तेवढं हलकं राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठला भाता? बरोबर आहे. किडा ओळखायला भाताच हवा असं नाही. साधं १० पट मोठं दाखवणारं भिंग थोडक्या पैशात मिळतं. ते मोबाइलच्या लेन्ससमोर धरून फोटो काढला तरी पुष्कळ कळतं. मोबाइलला चिमट्याने लावायची लेन्सही मिळते. साधा कॅमेरा असेल तर भात्याऐवजी पोकळ नळ्यांच्या रिंगा लावता येतात, काम तेच. भाता मात्र हवा तेवढा उघडता-मिटवता येतो, हा त्याचा फायदा. तोटाही आहे. तो पूर्ण मिटला तरी लेन्स जवळजवळ ५ सेंटीमीटर पुढे राहतेच, त्यामुळे त्याने फूल, फळ, माणूस असं मोठं काही काढता येत नाही.

पण गावात कुणाचा बंद पडलेला स्टुडिओ असेल तर विचारून बघा. भंगारात जाण्याआधी पेटी उघडून बघा. मिळालाच भाता, तर तीन गोष्टी सांभाळा. अंधारात आतून बॅटरी लावून भोकं तपासा. भाता झटकन ओढू नका, तो लोहाराच्या भात्यासारखाच हवा ओढतो आणि हवेबरोबर धूळ कॅमेऱ्यात जाते. आणि काम झालं की मिटून, कोरड्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात बुरशी धरते.

आम्ही आता एक वही केली आहे. डाव्या पानावर शत्रू, उजव्या पानावर मित्र. फोटो छापून चिकटवलेत, शेजारी पट्टी, कुठल्या महिन्यात कुठे सापडला ते लिहिलंय. पिठ्या, मावा, तुडतुडे डावीकडे. ढालकिड्याच्या अळ्या, क्रायसोपाची केसाच्या टोकावर ठेवल्यासारखी अंडी उजवीकडे. आमच्या आजींना वाचता येत नाही, पण वही त्यांनाच सगळ्यात जास्त पाठ आहे. आता बागेत काही नवीन दिसलं की आधी वही उघडतो, मग बैठकीत बोलतो. भांडणं संपली असं नाही, पण आता भांडताना समोर फोटो असतो.

तुमच्या कपाशीवर, मक्यावर, भाजीवर कोण मित्र आणि कोण शत्रू, ते तुमच्या वहीत लिहा. आणि उद्या सकाळी बागेत गेलात, पांढरं लोकरीचं काही पळताना दिसलं, तर बोट उचलण्याआधी जरा थांबा. ते काय खातंय ते बघा.